पानगळीचे रंग आणि पिकलेला केस

सप्टेंबर सरत आला की इंग्लंडात आणि अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत रंग दोन ठिकाणी बदलू लागतात: झाडांवर आणि माणसांच्या डोक्यांवर. उन्हाळाभर सोसलेल्या उन्हाने केसांतले रंगद्रव्य मोडलेले असते, केस फिकट पडलेले असतात, टोके कोरडी होऊन दुभंगलेली असतात. तेव्हा ती टोके कापून घ्यायची, केसांची ठेवण बदलायची आणि उन्हाळी सोनेरी छटेच्या जागी तांबूस, दालचिनी किंवा चेस्टनटसारखा गडद तपकिरी रंग लावून घ्यायचा, असा तिकडच्या सलूनांचा आणि त्यांच्या गिऱ्हाइकांचा दरवर्षीचा परिपाठ आहे. रंग अर्थातच बाहेरच्या पानगळीचे. पान हिरवे दिसते ते हरितद्रव्यामुळे. दिवस लहान होऊ लागले की झाड ते द्रव्य मोडते, पानातला नायट्रोजनसारखा उपयोगी ऐवज खोडाकडे परत ओढून घेते आणि आधीपासून आत दडलेला पिवळा-नारिंगी रंग उघडा पडतो. मेपलसारख्या झाडांत लाल रंग तर याच शेवटच्या दिवसांत नव्याने तयार होतो. केसाचे मात्र उलटे आहे. मुळाशी रंग पुरवणाऱ्या पेशींचा साठा आटत गेला की केस रंगाविनाच वर येतो. पान वठताना रंगते, केस वठताना रंग गमावतो. म्हणून पन्नाशीची एखादी बाई ऑक्टोबरमध्ये पिकल्या केसांवर तांबूस रंग चढवून घेते, तेव्हा ती गळत्या पानाचा रंग घेऊन आपल्या देहाची पानगळ झाकत असते. यात एक खरा तात्त्विक पेच आहे. ती काळाला नाकारते आहे, की काळाबरोबर चालते आहे? माझे म्हणणे असे, की ऋतूगणिक केस बदलणे ही काळाची कबुली आहे. काळ नाकारणे सुरू होते ते बदलणे थांबते तिथे, मग तो थांबा बारमाही काळ्या कलपाचा असो किंवा दुसऱ्याच्या हातातल्या वस्तऱ्याचा.

केसांसारख्या बाबीवर तत्त्वचर्चा कशाला, असे ज्याला वाटेल त्याने धर्मांनी केसांना किती जागा दिली आहे ते पाहावे. महाराष्ट्रातली पानगळ शिशिरातली. शरद ऋतू इथे येतो तो ऑक्टोबरच्या उन्हाचा चटका घेऊन, आणि तेव्हा झाडे हिरवीच असतात. तरी या दिवसांची आणि केसांची गाठ इथेही बसलेली आहे. श्रावणभर दाढी-केसांना कात्री न लावणारे पुरुष आजही गावोगावी आहेत, आणि व्रत कडक असेल तर ते आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, म्हणजे सगळा चातुर्मास चालते. श्वेतांबर जैन साधू-साध्वी भाद्रपदातल्या संवत्सरीच्या आधी हाताने केस उपटून लोच करतात. हजला गेलेला माणूस इहरामात, म्हणजे यात्रेच्या व्रतस्थ अवस्थेत, असेपर्यंत केस कापत नाही. विधी पुरे झाले की पुरुष डोके भादरतात किंवा केस आखूड करतात, आणि स्त्रीने बोटाच्या पेराएवढी टोके कापली तरी पुरते. हा पेरभर केसांचा नियम मला फार मोलाचा वाटतो. बाहेरच्या माणसाला त्यात काही बदललेले दिसणारही नाही, पण तिच्यापुरता एक काळ संपून दुसरा सुरू झालेला असतो. बाळाचे जावळ, सुतकातले क्षौर, तिरुपतीला उतरवलेले केस, या सगळ्यांत कात्री किंवा वस्तरा दोन काळांच्या हद्दीवर उभा आहे. त्याचे कारण देहाच्या रचनेतच आहे. केस आपला असतो, पण त्वचेबाहेर आलेला त्याचा सगळा भाग निर्जीव असतो. तो कापला तर दुखत नाही, आणि कापला तरी परत येतो. काळाची खूण अंगावर करायची आणि अंग दुखवायचे नाही, तर याहून सोयीची जागा देहावर नाही. शिवाय देहाला स्वतःचीही एक पुसट पानगळ आहे. इंग्लंडातल्या शेफील्ड शहरात चौदा पुरुषांच्या केसांचे दीड वर्ष निरीक्षण करून १९९१ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ऑगस्ट-सप्टेंबरात केस गळण्याचे प्रमाण सर्वाधिक, दिवसाला सुमारे साठ, आढळले. आधीच्या हिवाळ्यातल्या गळतीच्या ते दुपटीहून जास्त होते. चौदा माणसे ही फार मोठी संख्या नव्हे, पण शरदाच्या तोंडावर केसांकडे लक्ष जाणे ही केवळ फॅशनची हाक नसावी, एवढे मानायला ती पुरेशी आहे.

सर्वांत जुना आणि वजनदार आक्षेप सत्याचा आहे. पिकलेला केस ही देहाने दिलेली सूचना आहे, आणि तो रंगवणे म्हणजे ती सूचना दडपणे, असे हा आक्षेप सांगतो. त्याची उत्तम कथा बौद्ध वाङ्मयात आहे. मिथिलेचा राजा मखादेव आपल्या न्हाव्याला बजावून ठेवतो, की माझ्या डोक्यात पांढरा केस दिसला की मला सांग. वर्षे लोटतात. एक दिवस न्हावी सांगतो, महाराज, दिसला. राजा तो चिमट्याने उपटून तळहातावर ठेवायला सांगतो, त्याकडे बघतो, न्हाव्याला एक गाव इनाम देतो, थोरल्या मुलाकडे राज्य सोपवतो आणि आमराईत जाऊन संन्यास घेतो. कालिदासाच्या रघुवंशात म्हातारपण पिकल्या केसाच्या रूपाने दशरथाच्या कानाशी येते आणि रामाला राज्य दे असे, जणू कैकेयीला ऐकू जाईल या भयाने, हळूच सांगते. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात तर नियमच आहे: सुरकुत्या, पांढरे केस आणि नातवंड दिसले की गृहस्थाने वनाची वाट धरावी. या परंपरेतून पाहिले तर केस रंगवणारा माणूस दारात आलेल्या निरोप्याला हाकलून देतो. आक्षेप हलका नाही. पण याच परंपरेची दुसरी बाजू तितकीच ठाम आहे आणि ती आपण सहसा विसरतो. तीच मनुस्मृती दुसऱ्या अध्यायात म्हणते, की डोके पांढरे झाले म्हणून कोणी वृद्ध ठरत नाही. तरुण असून जो शिकलेला आहे त्यालाच देव वडील मानतात. धम्मपदात स्थविराची व्याख्या करताना पिकल्या केसांचा दाखला असाच बाद केला आहे. महाभारताच्या वनपर्वात जनकाच्या द्वारपालाने अडवलेला पोरसवदा अष्टावक्र हाच मुद्दा मांडून आत जातो. म्हणजे पांढरा केस हा ज्ञानाचा पुरावा नाही, अधिकाराचा नाही, मोठेपणाचाही नाही. मग जो पुरावाच नव्हे तो झाकल्याने खोटी साक्ष कशी होईल? उरतो तो फक्त निरोप, आणि निरोपाबाबत पहिला प्रश्न हा, की तो कोणासाठी आहे. मखादेवाने तो केस दरबारात फिरवला नाही. तो त्याच्या स्वतःच्या तळहातावर ठेवला गेला. आपले वय आपल्याला कळले पाहिजे, हे कथेचे मागणे आहे. ते रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला डोक्यावरून वाचता आले पाहिजे, असे ती कुठेही म्हणत नाही.

सत्य आणि रंग यांच्यातली हद्द इस्लामी परंपरेने अधिक नेमकी आखली आहे असे मला वाटते. मक्का मुसलमानांच्या हाती आली त्या ६३० सालच्या दिवशी अबू बक्र यांचे वृद्ध वडील अबू कुहाफा यांना प्रेषितांसमोर आणले गेले. त्यांचे डोके आणि दाढी पांढरीशुभ्र झाली होती. हे कशाने तरी बदला, पण काळे करू नका, अशा अर्थाचे प्रेषितांचे उत्तर हदीसांत नोंदले आहे. स्वतः अबू बक्र मेंदी आणि कतम नावाची वनस्पती वापरत असल्याचेही हदीस सांगतात. पुढच्या काळात काळ्या रंगाबाबत फकीहांत, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रज्ञांत, मतभेद झाले. कोणी तो निषिद्ध मानला, कोणी नापसंत, कोणी ठरावीक प्रसंगी चालणारा. पण मेंदीच्या लालसर रंगाबाबत फारसा वाद राहिला नाही. काळ्या रंगाला जे हरकत घेतात त्यांच्यातले बरेचजण फसवणुकीचे कारण देतात, विशेषतः लग्न जुळवताना वय लपवण्याचे. मला यात एक भेद हाती लागतो. एक रंग आपण रंग आहोत हे सांगत वावरतो. दुसरा आपण रंग नसून देह आहोत असे भासवतो. मेंदीने लाल झालेली दाढी पाहून कोणी त्या माणसाला पंचविशीचा समजत नाही. ऋतूप्रमाणे बदलणारा केसही याच जातीचा आहे. जूनमध्ये सोनेरी आणि ऑक्टोबरमध्ये तांबूस दिसणाऱ्या बाईने आपला मूळ रंग कोणता याविषयी कोणाशी खोटे बोललेले नाही, कारण बदल उघड्यावर झाला आहे. खोटेपणाला सातत्य लागते, आणि ऋतू ते मोडतो.

कोणी म्हणेल, दुसऱ्याची फसवणूक नसेल, पण स्वतःची तर होतेच ना? आरशात पांढरे दिसेनासे झाले की माणूस आपले वय विसरतो. अनुभवाने पाहता हे खरे नाही, आणि कारण अगदी साधे आहे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. रंग लावल्यानंतर तीन-चार आठवड्यांत भांगाशी पांढरी रेघ उमटते, पार्लरमध्ये जिला रूट टच-अपची वेळ झाली म्हणतात ती. ज्याने कधी रंग लावला नाही त्याचे पिकणे इतके हळूहळू होते, की रोज आरशात बघूनही ते जाणवत नाही. रंग लावणाऱ्याला मात्र महिन्याकाठी एकदा, भांगाच्या दोन्ही बाजूंना, रुंदी मोजता येईल इतके स्पष्ट कळते, की काळ एवढा पुढे गेला. मखादेवाला न्हाव्याने एकदाच सांगितले. इथे ते पुन्हा पुन्हा सांगितले जाते. खांद्यापर्यंतच्या केसांत तर दोन-अडीच वर्षांचा वृत्तान्त असतो: टोकांना मागच्या उन्हाळ्याआधीचा रंग, मधे दुसरा, मुळाशी आत्ताचा आपला स्वतःचा. टोके कापून टाकणे म्हणजे त्यातला सर्वांत जुना काळ सोडून देणे. मला हे वय विसरण्याचे साधन वाटत नाही. वयाशी इतका नियमित व्यवहार दुसरे कोणतेही प्रसाधन करायला लावत नाही.

संन्यासाच्या बाजूने येणारा आक्षेप वेगळा आहे. तो म्हणतो, प्रश्न खऱ्याखोट्याचा नाहीच, आसक्तीचा आहे. केसांकडे इतके लक्ष देणारे मन देहात अडकलेले आहे. बौद्ध प्रव्रज्येत नवशिक्याला ध्यानासाठी देहाचे जे पाच भाग प्रथम सांगतात त्यांत पहिला केस आहे, कारण सौंदर्याचा मोह तिथूनच सुरू होतो. मोह असतो हे मला मान्य आहे. पण विनयाचे नियम नीट पाहिले तर त्यांतून निघणारा धडा थोडा निराळा आहे. भिक्षूने केस दोन महिन्यांहून जास्त किंवा दोन बोटांहून लांब वाढू देऊ नयेत, आणि पिकलेले केस उपटून काढू नयेत, असे दोन्ही नियम तिथे आहेत. दिगंबर मुनींचा लोचही दोन ते चार महिन्यांच्या अंतराने पुन्हा येतो. म्हणजे ज्याने केसांचा त्याग केला त्यालाही केसांचे पंचांग सुटले नाही. त्याग एकदा करून संपत नाही, तो दर काही आठवड्यांनी नव्याने करावा लागतो, कारण केस विचारल्याशिवाय वाढत राहतात. गृहस्थाने त्याच वाढीला दुसऱ्या पद्धतीने उत्तर दिले तर लगेच त्याला आसक्त म्हणता येणार नाही. आसक्तीची खूण धरून ठेवण्यात असते. जो रंग दोन-तीन महिन्यांत उतरणार हे माहीत असून लावला जातो, जो घाट पुढच्या ऋतूत राहणार नाही हे ठाऊक असून कापून घेतला जातो, त्यात सोडून देण्याचा सराव आहे. लहानसा आहे, संन्यासाशी त्याची तुलना नाही, पण आहे. शीख खालसा मर्यादेचा आक्षेप याहून खोल जातो: जे दिले गेले आहे ते जसेच्या तसे स्वीकारावे, त्याला कात्री लावूच नये. १६९९ पासून चालत आलेल्या या निष्ठेचा प्रतिवाद मी करणार नाही, आणि करायचे कारणही नाही. ती अमृत घेतलेल्याने स्वतःवर घेतलेली प्रतिज्ञा आहे. न कापलेले केसही वर्षे वाहून नेतातच, आणि त्यांत रोजचा कंगवाही असतो. शिखाने केस राखणे आणि भिक्षूने ते उतरवणे ही बाहेरून विरुद्ध टोके दिसतात. दोघांनी आपल्या डोक्याचा निर्णय स्वतः घेतला आहे, ही गोष्ट मात्र दोघांत सारखी आहे.

आणि इथे महाराष्ट्राने आपल्या इतिहासाकडे डोळे उघडे ठेवून पाहायला हवे. विधवेचे केशवपन हे ब्राह्मणांत आणि काही उच्चवर्णीय जातींत धर्म म्हणून चालले. भिक्षुणीच्या डोक्यावरचा वस्तरा आणि सोवळ्या बाईच्या डोक्यावरचा वस्तरा एकाच पोलादाचा, क्रियाही तीच, पण अर्थ इतके उलटे की दोघींना एका नावाने हाक मारणे पाप वाटावे. भिक्षुणीने काळाची एक हद्द स्वतः ओलांडलेली असते. विधवेला, मग ती दहा-बारा वर्षांची पोर का असेना, सांगितले जाई, की तुझा काळ संपला, यापुढे तुझ्या अंगावर कोणताही ऋतू येणार नाही. काशीखंडातले एक वचन यासाठी पुढे केले जाई: विधवेने केस बांधले तर परलोकी नवरा बंधनात पडतो. मेलेल्या पुरुषाच्या मुक्तीचा बोजा जित्या मुलीच्या वेणीवर ठेवणारे हे तर्कशास्त्र शतकानुशतके विद्वानांनी ऐकून घेतले, याचे दुःख आजही कमी होत नाही. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विधवेच्या या हालांचा जाब विचारला. पंडिता रमाबाईंनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकातून तो जगापुढे मांडला. हरी नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीतल्या यमूचे केशवपन वाचताना मराठी वाचकाच्या पिढ्या हादरल्या. पण मला सर्वांत मोठी वाटते ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी केलेली गोष्ट: विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असा त्यांनी निर्धार केला. शास्त्रार्थ करणाऱ्यांच्या आधी हत्यार हातात असलेल्यांनी ओळखले, की प्रश्न केसांचा नसून संमतीचा आहे. मखादेवाचा न्हावी राजाने विचारले म्हणून सांगतो. इथला न्हावी बाईने सांगितलेले नाही म्हणून थांबतो. केसांविषयीच्या सगळ्या धर्मचर्चेत माझ्या मते या दोन न्हाव्यांना फार वरची जागा आहे.

संमतीची ही कसोटी लावली की बाजाराचा आक्षेप समोर येतो, आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. आक्षेप असा: तुम्ही ज्याला ऋतू म्हणता तो निसर्गाचा नसून धंद्याचा आहे. ऑगस्ट विल्हेल्म हॉफमान याने १८६३ मध्ये पॅरा-फिनिलीनडायअमीन या रसायनाचे वर्णन केले, युजीन श्युएलर या तरुण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये केसांचा कृत्रिम रंग तयार करून पॅरिसच्या केशकारांना विकायला सुरुवात केली आणि दोन वर्षांनी कंपनी काढली. ती आज लॉरेयाल म्हणून जगभर आहे. आता दर शरदाला नवी छटा येते ती झाडांनी मागितली म्हणून येत नाही. यातली वस्तुस्थिती मी नाकारत नाही. गडद रंगांतल्या त्या रसायनाची अनेकांना तीव्र ॲलर्जी होते, हेही खरे आहे, आणि कानामागे थोडा रंग लावून वाट पाहण्याची चाचणी आपल्याकडच्या पार्लरमध्ये नेमाने होत नाही ही गंभीर गोष्ट आहे. पण व्यापार जोडला गेला म्हणून कृतीचा अर्थ संपतो, हे मला पटत नाही. तिरुपतीला उतरवलेल्या केसांचाही देवस्थान लिलाव करते, त्यामुळे भक्ताचे अर्पण खोटे ठरत नाही. आक्षेपाचा खरा जोर दुसरीकडे आहे. पांढऱ्या केसांचा पुरुष अनुभवी दिसतो आणि पांढऱ्या केसांची बाई थकलेली, असे मानणाऱ्या समाजात बाईचे रंगवणे कितपत तिचे? कॅनडात लिसा लाफ्लाम ही अनेक वर्षे मुख्य बातम्या देणारी निवेदिका होती. महासाथीत सलून बंद झाल्यावर तिने केस पांढरे राहू दिले. २०२२ मध्ये तिचा करार मुदतीआधी संपवला गेला, तेव्हा वाहिनीच्या कंपनीने हा व्यावसायिक निर्णय असल्याचे सांगितले, पण केस आणि वय हेच कारण असल्याच्या संशयाने सगळा देश ढवळून निघाला. कारण काहीही असो, लाखो बायकांना तो संशय लगेच खरा वाटला, यातच त्या रोज काय जोखतात ते दिसते. नोकरी टिकवण्यासाठी, मुलाखतीत बाद होऊ नये म्हणून, सुनेशेजारी सासू म्हातारी दिसू नये म्हणून जो रंग बारा महिने चुकवता येत नाही, त्याला मी ऋतूचा रंग म्हणणार नाही. तो दंड आहे, भरणारी हसतमुखाने भरत असली तरी.

म्हणून मी कसोटी रंगावर लावत नाही, थांबता येण्यावर लावतो. पुढचा शरद आल्यावर हे न करण्याची मोकळीक या व्यक्तीला आहे का? श्रावण पाळणारा पुरुष श्रावण संपल्यावर न्हाव्याकडे जातो, हजला पेरभर टोके कापलेली बाई परतल्यावर पुन्हा केस वाढवते. व्रताला शेवट असतो, तसा ऋतूलाही असतो, आणि शेवट आहे म्हणूनच दोन्ही माणसाच्या हातात राहतात. थांबणे सोपे नाही हे मात्र सांगायला हवे. ज्यांनी वीस-वीस वर्षे काळा रंग लावला आहे त्यांना तो सोडताना वर्षभर, केस लांब असतील तर दोन वर्षांहून जास्त काळ, अर्धे पांढरे आणि अर्धे काळे डोके घेऊन नात्यागोत्यात वावरावे लागते, आणि आजारी आहेस का, या प्रश्नाला दर समारंभात उत्तर द्यावे लागते. त्यातून वाट काढायला पार्लरमधली जाणती बाई मूळच्या पांढऱ्याशी जुळणाऱ्या फिकट छटा मधे घालते, लांबी टप्प्याटप्प्याने कमी करते. तेही रंगवणे आणि कापणेच आहे, फक्त दिशा उलटी. ज्यांना रंगवणे म्हणजे सरसकट असत्य वाटते त्यांनी या कामाला काय म्हणायचे ते ठरवावे, कारण इथे रंग लावला जातो तो खऱ्या केसापर्यंत पोचायला.

पिकल्या केसाचा निरोप ऐकून घर सोडणे हा शेवटचा शब्द आहे असे मानणाऱ्यांनी मखादेवाची कथा ज्या बौद्ध सुत्तात आहे ते अखेरपर्यंत वाचावे. मिथिलेच्या त्याच आमराईत बसून बुद्ध ती आनंदाला सांगतात, आणि तो मखादेव मीच होतो असेही सांगतात. त्या राजाने घालून दिलेली रीत पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली: पांढरा केस, इनामाचे गाव, मुलाला राज्य, आमराई. मग एका वंशजाने ती मोडली. पण बुद्धांचा मुख्य मुद्दा रीत मोडल्याचा नाही. इतकी शुद्ध, इतकी निष्ठेने पाळलेली ती रीत माणसाला ब्रह्मलोकापर्यंतच नेत होती, निर्वाणापर्यंत नव्हे, असे ते स्पष्ट म्हणतात. त्यासाठी सम्यक दृष्टीपासून सम्यक समाधीपर्यंतचा जो मार्ग ते आनंदापुढे ठेवतात, त्याच्या आठ अंगांत केसांचा कुठेही उल्लेख नाही.